समुद्राच्या भरतीच्या वेळा आमच्यासाठीही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपला अंक बडोद्याला एक दिवस उशिरा पोचतो, म्हणजे आम्ही नेहमी कालचीच बातमी वाचतो. त्याबद्दल तक्रार नाही, सवय झाली आहे. दिवाळीच्या सुट्टीतल्या एका दिवसाच्या सहलींवरची आपली पुरवणी मात्र मी कात्रून ठेवली होती, कारण मुलगी आणि नातवंडं यायची होती. त्यात वॉटर पार्क होते, रिसॉर्ट होते, एके ठिकाणी तर म्हणे उन्हाळ्यातही बर्फात खेळता येतं. नदी एकही नव्हती. एका फोटोत मागे दिसत होती, तीही रिसॉर्टच्या कुंपणापलीकडे.

मी प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये छत्तीस वर्षं काढली. फिटर म्हणून लागलो. तेव्हा या पत्रात निसर्गसौंदर्य कमी आणि नट-बोल्ट जास्त निघतील, हे आधीच सांगतो. पत्र लांबलं तर खुशाल कात्री लावा. फक्त शेवटची मागणी तेवढी कापू नका.

मुलगी ग्लासगोला असते. गेल्या जूनमध्ये आम्ही दोघं दीड महिना तिच्याकडे होतो. तिथला जून म्हणजे आपला जानेवारी, आणि वर रोजचा पाऊस. पहिल्याच शनिवारी जावई म्हणाले, "बाबा, आज नदीवर जाऊ." मला वाटलं घाट असेल, देऊळ असेल, गेलाबाजार भेळ तरी असेल. हिने थेपले आणि लिंबाचं लोणचं बांधून घेतलं. (तीन पिढ्या बडोद्यात काढलेल्या मराठी घरात प्रवासाला दशम्या नाही, थेपलेच बांधतात. पुणेकर वाचकांनी नाक मुरडू नये.)

नदीचं नाव क्लाइड. आमच्या मही नदीच्या मुखाशी नेऊन उभी केली तर ओढा वाटेल, एवढीच. पण 'क्वीन मेरी'सारखी जहाजं याच पाण्यात उतरली. आता गोद्या जवळजवळ सगळ्या बंद आहेत. जिथे केल्विन नावाची एक लहान नदी क्लाइडला मिळते, तिथल्या जुन्या गोदीच्या जागेवर रिव्हरसाइड म्युझियम उभं आहे. २०११ साली उघडलं, आराखडा झाहा हदीद यांचा. छप्पर असं, की पत्र्याला कुणी लाटेची घडी घातली असावी. आत जायला तिकीट नाही. हे ऐकून हिने पर्स परत बंद केली आणि मग दिवसभर खुशीत होती.

आत शिरताच मी थबकलो. समोर वाफेचं इंजिन, ३००७ क्रमांकाचं. १९४५ मध्ये याच शहरात बनून दक्षिण आफ्रिकेला गेलं, तिथे राबलं आणि म्हातारपणी परत माहेरी आणलं. मी चाकांच्या आडव्या दांड्यांकडे बघत उभा राहिलो, तशी दहा वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, हे तुमच्या ऑफिसातलं आहे का?" ऑफिस नव्हे गं, वर्कशॉप. मग तिथेच बाकावर बसून तिला डभोईची गोष्ट सांगितली. १८६२ साली गायकवाड सरकारने डभोई ते मियागाम नॅरोगेजचे रूळ टाकले, तेव्हा डबे बैल ओढत. पुढच्याच वर्षी इंजिनं आली, ग्लासगोच्या नीलसन कंपनीची. हे वाक्य मी नव्या पोरांना नोकरीत किती वेळा ऐकवलं असेल, देव जाणे. पण 'ग्लासगोची' म्हणताना त्या गावाला नदी असेल, इंजिनं त्या नदीवरून समुद्राला लागली असतील आणि समुद्रावरून आपल्याकडे आली असतील, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. आम्ही इंजिन रुळावर बघतो. ते पाण्यावरून आलं हे विसरतो.

म्युझियमच्या दारातच 'ग्लेनली' हे जहाज बांधलेलं आहे. १८९६ चं, पोलादी, तीन डोलकाठ्यांचं, निव्वळ शिडांवर पृथ्वीला चार फेऱ्या मारून आलेलं. नंतर स्पेनच्या नौदलात गेलं, सेव्हिलला गंजत पडलं आणि १९९३ मध्ये लिलावात परत विकत घेऊन दुरुस्त केलं. सहा वर्षांचा नातू खाली खलाशांच्या खोल्यांत पळाला. मी वर पत्र्यावरची रिपिटं मोजत राहिलो. आमच्या वर्कशॉपात रिव्हेटला रिपिटच म्हणत. तापवून लाल केलेलं रिपिट चिमट्याने फेकायचं, समोरच्याने झेलायचं, आत घालून दोन्हीकडून ठोकायचं. त्या एका जहाजाच्या अंगावर किती माणसांचे हात उमटलेत, ते ज्याने हे काम केलंय त्याला बोट फिरवून कळतं. हिला ते कळलं नाही, ती म्हणाली, "चला, थेपले गार झालेत." थेपले गारच असतात.

जेवलो तिथेच, नदीकडे तोंड करून. मग एक नवा पादचारी पूल आहे, २०२४ मध्ये खुला झालेला, तो ओलांडून गोवनच्या काठाने चालत सायन्स सेंटरला गेलो. जहाज यायचं झालं की हा पूल दारासारखा बाजूला फिरतो. सायन्स सेंटरशेजारी १२७ मीटर उंचीचा मनोरा आहे, आणि त्याची गंमत अशी की अख्खा मनोरा पायापासून वाऱ्याच्या दिशेला वळतो. आम्ही गेलो त्या दिवशी तो वाऱ्यामुळेच बंद होता. नातू रडला. मला हसू आवरेना, कारण आमच्या वर्कशॉपचा पंखाही असाच उकाड्यात बंद पडायचा.

खालच्या धक्क्यावर 'वेव्हर्ली' उभी होती. समुद्रावर उतारू नेणारी पॅडल स्टीमर (बाजूच्या चाकांनी पाणी मारत चालणारी आगबोट) जगात ही एकच उरली आहे म्हणतात. हिचं इंजिन चालू असताना उतारूंना जवळ उभं राहून बघता येतं, दांडे वर-खाली, तेलाचा वास, सगळं. आणि ही १९४६ मध्ये पाण्यात उतरली कुठे? ज्या गोदीच्या जागेवर सकाळचं म्युझियम आहे, तिथे. म्हणजे सकाळी आम्ही तिचं जन्मस्थान पाहिलं आणि दुपारी तिला. मधे अंतर मुलांच्या चालीने अर्धा-पाऊण तास.

आता ती लहान नदी. परत येताना नात म्हणाली, "ती दुसरी नदी कुठली होती?" जावई म्हणाले केल्विन. "तापमानातलं केल्विन?" दहावीपर्यंत मीही ते शिकलो होतो, पण केल्विन हा कुणी माणूस असावा एवढंच ठाऊक. माणूस होताच: विल्यम थॉमसन, ग्लासगो विद्यापीठात १८४६ ते १८९९, त्रेपन्न वर्षं प्राध्यापक. सरकारने उमराव केलं तेव्हा विद्यापीठाच्या पायथ्याशी वाहणाऱ्या नदीचं नाव त्याने घेतलं. म्हणजे नदीवरून माणसाचं नाव आणि माणसावरून एककाचं. आपल्याकडे कुणाला आमच्या विश्वामित्री नदीचं नाव आडनाव म्हणून घ्यावंसं वाटेल का, असा विचार मनात आला आणि गेला.

त्या रात्री जावयांनी फोनवर थॉमसनचं भरती सांगणारं यंत्र दाखवलं. १८७२-७३ चं. मी चष्मा पुसून तीनदा पाहिलं. चंद्र पाण्याला एका ठेक्यात ओढतो, सूर्य दुसऱ्या, चंद्र जवळ-लांब जातो त्याचा ठेका तिसरा, असे अनेक. थॉमसनने प्रत्येक ठेक्याला एक कप्पी दिली, आणि सगळ्या कप्प्यांवरून एकच दोरी फिरवली. दांडा फिरवला की प्रत्येक कप्पी आपापल्या तालात वर-खाली होते, आणि दोरीच्या टोकाला बांधलेली लेखणी कागदावर सगळ्यांची बेरीज काढते. पुढच्या वर्षाची भरती आज कागदावर! वीज नाही, काही नाही. दातेरी चाकं आणि दोरी. आणि पुढची गोष्ट ऐका: १८७९ मध्ये असंच एक यंत्र लंडनमध्ये खास हिंदुस्थानच्या बंदरांसाठी बनवलं गेलं. आमच्या बंदरांच्या भरतीचं पंचांग तिकडे दोरीवर निघत होतं.

इथवर ग्लासगो. आता बडोदं.

दिवाळीला मुलगी मुलांना घेऊन आली, शाळेतून चार दिवस जास्तीची रजा काढून. आल्या आल्या नात म्हणाली, "आजोबा, तुमची नदी दाखवा." मी तिला कमाटीबागेत नेलं. पुलावरून विश्वामित्री दाखवली. पावागडावरून निघते, शहराच्या मधून जाते, पुढे ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखातात. मगर दिसली. नातवाच्या लेखी ग्लासगो तिथेच हरलं. नदीकाठावर मगर, नदीपासून हाकेच्या अंतरावर १८९४ च्या इमारतीतलं म्युझियम, त्याच बागेत तारामंडळ. म्हणजे नदी, म्युझियम, विज्ञान, सगळं एकाच बागेत. सयाजीराव महाराजांनी आपल्याला ही रचना शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवली आहे. (तारामंडळ नंतरचं, ते महाराजांच्या खात्यात घालू नये. पण जागा त्यांचीच.)

म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, सुमारे २२ मीटर लांब. नावात मासा असला तरी तो मासा नव्हे, हे नातीनेच मला बजावलं. लहानपणी मी वडिलांच्या खांद्यावर बसून हा सांगाडा पाहिला, मुलीला मी दाखवला, तेव्हा तिसऱ्या पिढीला दाखवताना मला काही नवीन सुचायचं कारण नव्हतं. पण ती ग्लासगोहून आलेली. पहिला प्रश्न: "हा इथे कसा आला?" मी म्हटलं, महीतून. १९४४ साली पावसाळ्यात महीच्या मुखाशी डबका गावाजवळ वाहत आला. "मग परत का नाही गेला?"

आता आली का पंचाईत! पासष्ट वर्षं मी हा सांगाडा बघतोय, तो परत का गेला नाही हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. मी म्हटलं, परवा जाऊन नदीलाच विचारू.

जायचं ठरलं ते डबक्याला नाही, त्याच काठाने खाली, मही जिथे आखातात मिळते त्या कावी-कंबोईला. पादरा, जंबुसर करत बडोद्याहून पाऊणशे किलोमीटर. पूर्वी प्रतापनगरहून जंबुसरला आमची नॅरोगेज गाडी जायची, तिचा वेग असा की उतारू मधेच उतरून बोरं तोडून परत चढत, असं आम्ही सांगायचो. खरं-खोटं विचारू नका. कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेव आहे. स्कंदपुराणातलं स्थान, तारकासुराला मारल्यावर कार्तिकेयाने स्थापलेलं. भरती आली की देऊळ समुद्रात जातं आणि ओहोटीला परत वर येतं, दिवसाला दोनदा. बडोद्यातले निम्मे लोक तिथे दर्शनाला जाऊन आलेले असतात. मीही तीनदा गेलो होतो. भरतीचा अभ्यास म्हणून मात्र कधी गेलो नव्हतो.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, तृतीयेला निघालो. माझे सासरे कोकणातले, मुरूडचे. त्यांनी लग्नानंतर मला शिकवलेलं एक गणित मी आयुष्यभर मिरवत आलो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अमावास्येपासून किंवा पौर्णिमेपासून तिथी मोजायची. तृतीया, तीन गुणिले पाऊण, सव्वादोन. गाडीत मी हे नातीला समजावलं, तिने वहीत लिहून घेतलं. चंद्र रोज थोडा पुढे सरकतो म्हणून भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा, आणि पन्नास मिनिटं म्हणजे पाऊण तासच झाला की नाही? मुरूडच्या कोळ्याने दोरी-कप्पीशिवाय थॉमसनचं काम केलंय, असंही मी जरा छाती फुगवून म्हणालो.

एक वाजता पोचलो. दर्शन झालं. सव्वादोन वाजले. समुद्र नव्हता. लांबवर करडी रेघ, आणि रेघेपर्यंत नुसता चिखल, चकाकणारा, जिकडे नजर जाईल तिकडे. अडीच वाजले. नातू विचारू लागला, देऊळ कधी बुडणार? हिने माझ्याकडे जो कटाक्ष टाकला, तो माझ्या सासऱ्यांनाही लागला असता. शेवटी नारळवाल्याकडे गेलो. त्याने तिथी विचारली, वेळांची झेरॉक्स खिशातून काढली आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, आ मुंबई नथी."

खरंच की. पाऊणपटीचं गणित मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचं. तीच भरती अरबी समुद्रातून खंभातच्या आखातात शिरते, वर चढत येते, तिला काही तास लागतात. आखात नरसाळ्यासारखं, वर जावं तसं अरुंद आणि उथळ होत जातं, मग पाणी दाबून उंच होतं. मुंबईपेक्षा दुपटीहून जास्त. भावनगरला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्याही वर जातो, म्हणूनच त्या बंदराला जहाजं तरंगती ठेवायला झडपेचे दरवाजे बसवावे लागले. क्लाइडची भरती याच्या निम्मीसुद्धा नाही. नात मला म्हणाली, "आजोबा, गणित बरोबर होतं, गाव चुकलं." एवढं सौम्य शब्दांत माझ्या वर्कशॉपातल्या साहेबांनीही मला कधी चूक दाखवली नव्हती.

पण ती चूक झाली म्हणून एक गोष्ट घडली. वेळेवर पोचलो असतो तर पाणी बघितलं असतं आणि परत आलो असतो. आता तासभर नुसता चिखल समोर होता. नात कठड्याशी उभी होती. मधेच म्हणाली, "म्हणजे तो इथेच अडकला." कोण? "देवमासा. पाणी होतं म्हणून आत आला. मग हे झालं." आणि चिखलाकडे बोट.

मी प्राणिशास्त्राचा माणूस नाही. १९४४ मध्ये नेमकं काय झालं, तो आजारी होता की पुराच्या पाण्याने भांबावला, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण त्या चिखलापुढे तिचा तर्क मला पटला. पासष्ट वर्षं पाहिलेला सांगाडा मला त्या दिवशी पहिल्यांदा सबंध दिसला, पाण्यासकट.

साडेतीनच्या सुमारास रेघ जाड झाली. मग आवाज आला, तांदूळ निवडताना सुपात होतो तसा. पुजाऱ्यांनी सगळ्यांना वर बोलावलं. वर आल्यावर कुणी खाली परत जात नाही, हा तिथला शिस्तीचा भाग मला फार आवडला. नातीने दर दहा मिनिटांनी किती पायऱ्या बुडाल्या ते वहीत मांडायला सुरुवात केली. खलाशांचा एक ठोकताळा आहे: पाणी सहा तासांत चढतं ते बाराव्या हिश्शांनी, पहिल्या तासात एक हिस्सा, मग दोन, तीन, तीन, दोन, एक. आधी हळू, मधे जोरात, शेवटी परत हळू. आखाताने तो ठोकताळा पाळला नाही. इथे पाणी चढतं घाईने आणि उतरतं सावकाश, सहा-सहा तासांची समान वाटणी नाही. सव्वाचारच्या आसपास पिंडीवर समुद्राने स्वतः अभिषेक केला. हिने हात जोडले. नातीने वेळ लिहिली. दोघींचंही बरोबर होतं. सूर्य बुडाला तेव्हा देवळाच्या जागी पाणी होतं, आणि नातू गाडीत झोपला होता.

येण्या-जाण्याचं पेट्रोल, दोन नारळ, चहा, भजी. बस एवढाच खर्च.

कुणी म्हणेल, मग लोथलला जा. जरूर जा. चार हजार वर्षांपूर्वीची विटांची ती लांबलचक टाकी गोदीच होती का, यावर अभ्यासकांत वाद आहे, आणि तो वाद मुलांना ऐकवण्यासारखा आहे. तिथे राष्ट्रीय सागरी वारसा संकुलही उभं राहतंय. पण ते आमच्यापासून लांब, आणि संकुल पुरं होईपर्यंत नात कॉलेजात जायची.

एक अवघड गोष्ट लिहायलाच हवी. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात सहलीची बोट उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. त्यानंतर आमच्या शहरात मुलांना घेऊन पाण्याकडे जायचं म्हटलं की पालकांच्या पोटात गोळा येतो. आमच्या सोसायटीतल्या एका बाईंनी नातीची वही पाहून विचारलं, "पाण्याजवळ नेलंत?" मी त्यांना दोष देत नाही. म्हणून हे स्पष्ट सांगतो: मी लिहिलेल्या सहलीत बोटीत बसायचं नाही, पाण्यात उतरायचं नाही, चिखलात तर मुळीच नाही. चिखल माणसाला धरून ठेवतो आणि पाणी चालत नाही, पळत येतं. कठड्याच्या आत उभं राहून घड्याळ आणि वही. मुलांना पाण्यापासून कायमचं लांब ठेवण्यापेक्षा पाणी केव्हा आणि का येतं हे त्यांना ठाऊक असणं, मला वाटतं, जास्त सुरक्षित आहे. वेळ ठाऊक नसताना तिथे जाणारा माणूस मीच होतो, सत्तरी ओलांडलेला.

आता मागणी. आपल्या मुंबई आवृत्तीत रोज पान दोनवर भरती-ओहोटीच्या वेळा असतात, चौपाटीवर फिरणाऱ्यांसाठी. बडोद्याला जो अंक येतो त्यात, निदान रविवारी, खंभातच्या आखाताच्याही द्या. दोन ओळींची जागा लागेल. सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरतीची कोष्टकं प्रसिद्ध करते, त्यात भावनगर आहे. कावीला त्यात थोडा फरक धरावा लागेल, पण नारळवाल्याच्या कागदाशी ताडून पाहिलं की फरक निघतो. खाली एक ओळ टाका: भरती मुंबईच्या नंतर का येते, याचं उत्तर पाठवा. आमच्या इथल्या मराठी घरांतली निम्मी मुलं आता गुजराती नाहीतर इंग्रजी शाळेत जातात, मराठी छापील अक्षर हाती धरत नाहीत. वेळ बघण्यासाठी तरी धरतील.

स्तंभेश्वरला येणाऱ्या कुणा दानशूर भाविकाने घंटेऐवजी एक खांब दिला, मीटरचे पट्टे रंगवलेला, तर तो बसवायला लागणारे बोल्ट मी देतो. खाऱ्या पाण्यात कुठले टिकतात ते मला माहीत आहे. लोखंडी देऊ नका, दोन वर्षांत भुगा होईल.

नात परत गेली. तिथल्या शाळेत वहीतलं कोष्टक दाखवलं तेव्हा बाईंनी विचारलं, हे आकडे खरेच का, एवढं पाणी चढतं का? तिने मला फोनवरून विचारलंय की पुन्हा एकदा मोजून पाठवाल का. येत्या अमावास्येनंतरच्या द्वितीयेला मी परत चाललोय. सासऱ्यांच्या हिशेबाने दीड वाजता भरती. नारळवाल्याला फोन करून खरी वेळ विचारून ठेवली आहे. छापणार असाल तर कळवतो.

आपला,
एक निवृत्त रेल्वे फिटर,
मांजलपूर, बडोदे